म्हातारीच्या घशातलं पाणी

आमच्या मोर्नो-ल-सेक गावाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर, इथे कोणी आलं नाही.

रोमन लोकांनी रस्ता बांधला तो पाच किलोमीटरवरून. स्वीडिश सैन्य जाळपोळ करत फिरलं तेव्हा आसपासची नऊ गावं जळाली. आमचं वाचलं, कारण त्या दिवशी धुकं होतं आणि त्यांना गाव सापडलंच नाही. खाली दरीतल्या सेंत-क्लेरीनचे लोक अजून टोमणा मारतात, "तुम्हाला जाळावंसं पण कुणाला वाटलं नाही!" राज्यक्रांतीची बातमी आली तेव्हा आमची माणसं गवत कापत होती. म्हणाली, गवत वाळू दे, मग बघू. पुढे रेल्वेचा मोजणीदार आला, बुव्हरांच्या घरी जेवला, झोपला, उठून गेला, आणि रेल्वे दुसरीकडून गेली. एका पहिल्या महायुद्धाने तेवढं आम्हाला वगळलं नाही. चर्चसमोरच्या दगडावर अकरा नावं आहेत. त्यात चार झानरो घराण्याची.

भूगोल याहून सोपा. गाव आठशे मीटरवर, चुनखडीच्या पठारावर. पाऊस हवा तेवढा, पण पाणी थांबत नाही. जमीन सगळी भोकाभोकांची. पडलं की गेलं. गावाच्या नावातच 'सेक' आहे, म्हणजे कोरडं. काय तो एक झरा कपडे धुवायच्या जुन्या हौदात पडतो, तिथून ओहोळ होऊन जिल्बेर बुव्हराच्या कुरणातून तीनशे पावलं चालतो, आणि मग एका कपारीत गडप होतो. त्या कपारीला आम्ही म्हातारीचा घसा म्हणतो. रात्री पाऊस जास्त झाला की ती घुटके घेतल्यासारखा आवाज काढते.

हे पाणी पुढे कुठे जातं, हा आमच्या झानरो मास्तरांच्या आयुष्याचा प्रश्न होता.

मी सोलांज. ग्रामकचेरीत मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बसते. दाखले देते, टपाल लिहिते, सरपंचाचे शब्द सभ्य करते. सरपंच म्हणजे हाच जिल्बेर बुव्हरा. बेचाळीस तांबड्या-पांढऱ्या गाई आणि त्र्याऐंशी माणसं सांभाळतो. गाई जास्त ऐकतात, असं तोच म्हणतो.

मास्तर एकोणऐंशी वर्षांचे. आमची शाळा बंद होऊन तीस वर्षं झाली. तोवर दोन्ही गावांची पोरं त्यांच्याकडेच शिकली, आणि इतिहास-भूगोल त्यांनी सगळ्यांना कान धरून शिकवला. त्यांचं म्हणणं असं की, म्हातारीच्या घशात गेलेलं पाणी जमिनीखालून साडेतीन किलोमीटर उतरतं आणि सेंत-क्लेरीनच्या झऱ्यात वर येतं. आता तो झरा म्हणजे साधासुधा नाही. त्याच्यावर संत क्लेरीनची मूर्ती आहे, त्याच्या पाण्याने डोळे बरे होतात, तीनशे वर्षांपासून सप्टेंबरात जत्रा भरते. नदीचा उगमही तोच. नकाशावर तिथे निळा ठिपका आहे. आमच्याकडे काही नाही. मास्तरांना एवढंच हवं होतं, आमच्या घशापासून त्यांच्या ठिपक्यापर्यंत एक निळी तुटक रेघ. जमिनीखालच्या पाण्याला नकाशावर तशी रेघ काढतात.

"चौदा सेंटिमीटर," ते दर शुक्रवारी कचेरीच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मला सांगायचे. "चौदा सेंटिमीटर शाई, सोलांज. मग मी मरायला मोकळा."

"मग शाई न मिळालेलीच बरी की, मास्तर."

त्या वसंतात नकाशा कचेरीचं उत्तर आलं. नवी आवृत्ती निघणार होती. पाण्यात रंग टाकून माग काढा, आणि रंग वर गेलेला व खाली आलेला पाहिल्याचं दोन्ही गावांच्या सरपंचांनी सहीनिशी कळवा, रेघ काढू. नाहीतर पुढची आवृत्ती बारा वर्षांनी.

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. एकोणऐंशी अधिक बारा. मग नकाशावर पट्टी न ठेवताच ते घरी गेले, आणि मास्तरांनी पट्टी ठेवली नाही की मला काळजी वाटते.

जिल्बेर तयारच होता. "हं, त्या सेंत-क्लेरीनवाल्यांची जिरेल! सही काय, अंगठा पण देतो." अडचण होती ती खालच्या सरपंचबाईची.

ह्युगेत पेरनो. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेली, बारा गावचं पाणी प्यायलेली बाई. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा ती जत्रेच्या पताका मोजत होती. तिने कॉफी दिली, बरोबर अक्रोडाचा केक दिला, आणि मास्तरांचं सगळं बोलणं संपेपर्यंत गोड हसत राहिली.

"मास्तर, मी दहा वर्षांची होते तेव्हा उगमाचा नकाशा काढला होता. आठवतंय का? रंगीत पेन्सिली वापरून. तुम्ही वीसपैकी शून्य दिलं होतं."

"तू रेघ काढली नव्हतीस."

"रेघ नव्हतीच!"

"होती. दिसत नव्हती."

"न दिसणाऱ्या रेघेसाठी शून्य! माझ्या आईने त्या वर्षी मला जत्रेचे पैसे दिले नव्हते." तिने कप खाली ठेवला. "झरा संताच्या पायातून निघतो. वर तुमच्याकडे गाई आहेत, मास्तर. गाईंच्या पायातून काय निघतं ते मला माहीत आहे."

"आणि रंग आला तर?"

"माझ्या डोळ्यांनी पाहीन, तर त्या क्षणी सही करीन. चला, केक घ्या अजून."

रंगाची हिरवी पूड मास्तरांना गुहांमध्ये उतरणाऱ्या लोकांच्या एका मंडळाने पाठवली. निरुपद्रवी, पाण्यात लगेच मिसळणारी. सोबत चिठ्ठी होती: एवढ्या ओहोळाला चहाचे दोन चमचे पुरेत. डबा मात्र पूर्ण होता, उरलेली परत पाठवा असं लिहिलेलं. मास्तरांनी गणित मांडलं. सोमवारी टाकली तर गुरुवारी दुपारी वर येईल. गुरुवार शांत दिवस. ह्युगेतला झऱ्यापाशी खुर्ची टाकून बसवायचं, साक्ष घ्यायची, संपलं. जत्रा रविवारी, तिला धक्का नको.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं कुरणात गेलो. गाई गोळा झाल्या, त्यांना वाटलं काही खायला आणलंय. मास्तरांनी आठवणीने चांदीचा चमचा आणला होता, बायकोच्या हुंड्यातला. त्यांनी पहिला चमचा सपाट भरला, बोटाने कड सारखी केली आणि घशात सोडला. ओहोळ एकदम पोपटी झाला. मास्तरांनी टोपी काढली.

"एवढंच?" जिल्बेर म्हणाला.

"अजून एक चमचा."

"मास्तर, साडेतीन किलोमीटर आहे! दोन चमच्यांत काय होतंय? मी शेताला चुना टाकतो तेव्हा पण पिशवीवर कमीच लिहिलेलं असतं. शहरातले लोक लिहितात ते."

"जिल्बेर, डबा खाली ठेव."

जिल्बेरने डबा ठेवला खरा, पण उपडा. मुद्दाम की हातून, ते तो आजही सांगत नाही. म्हातारीने एक मोठा घुटका घेतला आणि सगळं गिळलं. जवळच्या गाईचं नाक हिरवं झालं. तिने ते चाटलं आणि जीभही हिरवी झाली.

गुरुवारी ह्युगेत कबूल केल्याप्रमाणे खुर्चीवर बसली. विणकाम घेऊन. मास्तर उभेच. दोन वाजले, चार वाजले, सहा वाजले. पाणी नितळ. मी तळातला एकेक खडा मोजू शकले असते.

"मास्तर, आकडे पुटपुटत नका राहू, घरी जा," ह्युगेत म्हणाली, आणि हे मात्र ती टोमणा मारून बोलली नाही. म्हणूनच जास्त लागलं असावं. परतीच्या वाटेवर मास्तर गाडीत मागे बसले. नेहमी पुढे बसून ते मला प्रत्येक वळणाची उंची सांगतात.

चूक त्यांच्या गणितात नव्हती, उन्हाळ्यात होती. ऑगस्टभर थेंब नव्हता. ओहोळ दोरीएवढा बारीक झालेला. जमिनीखाली कुठल्यातरी डोहात तो अख्खा डबा निवांत पडून राहिला होता, कोणीतरी ढकलायची वाट बघत. शनिवारी संध्याकाळी ढगफुटी झाली आणि ढकललं.

रविवारी जत्रा. पाद्रीबाबांकडे तेवीस गावं असल्यामुळे सेंत-क्लेरीनला ते वर्षातून एकदाच पोचतात, म्हणून त्या दिवशी सगळंच उरकून घेतात: प्रार्थना, दोन बारशी, झऱ्याला आशीर्वाद, आणि मग ज्यांना हवं त्यांच्या डोळ्यांना पाणी. आम्ही वरचे लोक दरवर्षी जातो. विश्वास म्हणून नाही, सॉसेज चांगलं असतं म्हणून. मास्तर यायला तयार नव्हते. त्यांना जिल्बेरच्या बायकोने हाताला धरून आणलं.

पाद्रीबाबांनी हात वर केला. "हे जल..." एवढंच म्हणाले. संत क्लेरीनच्या दगडी पायांखालून आधी एक हिरवी शेपटी आली. मग झरा आला. सगळा हिरवा. हिरवा म्हणजे असा की, गवत त्याच्यापुढे करडं दिसावं.

क्षणभर वाद्यं वाजवणारी पोरंही थांबली. मग कोणीतरी गुडघ्यावर बसलं आणि बाकीचे त्याच्यामागे धडाधड बसले. "चमत्कार!" रांगेत पुढे उभ्या असलेल्या आठ-दहा म्हाताऱ्यांनी वाट न बघता ओंजळी भरल्या आणि डोळ्यांवर मारल्या. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या पापण्या, भुवया, गालावरच्या सुरकुत्या, सगळं पोपटी. पाद्रीबाबांनी एक ओंजळ घेतली, वास घेतला, आणि मनुष्य हुशार, "देवाच्या लीला अगाध आहेत" एवढंच बोलून बारशाकडे वळले.

"माझं!" मास्तर ओरडले. ते बाकावर चढले होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, रविवारचा कोट घातलेला. "ते माझं आहे! दोन चमचे... दोन चमचे आणि एक डबा! मोर्नोचं पाणी आहे ते!"

"खाली उतरा हो मास्तर, पडाल."

"म्हाताऱ्या, आज तरी गप बस!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "संताच्या दारात भूगोल कसला काढतोस?"

"डोळ्यांनी पाहिलंत ना सगळ्यांनी? ह्युगेत! ह्युगेत, तू पाहिलंस ना?"

गर्दी ह्युगेतकडे वळली. ती जागच्या जागी उभी होती, सरपंचाचा तिरंगी पट्टा खांद्यावरून घातलेला. नाही म्हटलं असतं तर चमत्कार तिचा होता. त्या रात्रीपासून गाड्या भरभरून लोक आले असते. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर आधी संत क्लेरीन होती, मग दहा वर्षांची मुलगी होती, आणि शेवटी औषधांच्या दुकानातली बाई आली. आणि त्या बाईने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे," ती हळू बोलली, "वरचं पाणी खरंच इथे येतं."

"येतं!" मास्तर म्हणाले.

"आणि त्या कपारीपाशी बेचाळीस गाई उभ्या असतात."

"असतात!" मास्तर आनंदाने म्हणाले.

"दिवसभर."

"अं... हो."

"आणि आम्ही ते डोळ्यांना लावतो. तीनशे वर्षं." तिने वळून जिल्बेर शोधला. तो सॉसेजच्या शेगडीमागे सरकत होता. "जिल्बेर बुव्हरा! इकडे ये. पेन आहे का कुणाकडे? मास्तर, कागद आणा तुमचा. पाहिलं म्हटलं होतं, सही करते. आणि सही झाली की मग कायदा आहे. उगमाला जाणाऱ्या पाण्यापासून गाई पन्नास मीटर लांब. उद्याच्या उद्या कुंपण!"

मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात कागद गुरुवारपासून होता. तिने बाकावरच सही केली, तारीख घातली, वेळही घातली. पाण्यात बुडवून पाहिलेल्या अंगठ्याचा हिरवा ठसा कोपऱ्यावर उठला. मास्तरांनी कागद जिल्बेरपुढे धरला.

"कर बाळा."

जिल्बेरने हात मागे घेतले. "मी काय पाहिलं? मी काही पाहिलं नाही."

"अरे, डबा तूच उपडा केलास!"

"कसला डबा? मास्तर, ते माझं सगळ्यात चांगलं कुरण आहे. गाई प्यायच्या कुठे? हे पाणी संताच्या पायातूनच निघतं. मी तर पहिल्यापासून म्हणतोय."

पुढचे बारा दिवस गावाने जिल्बेरला जगू दिलं नाही. तीनशे वर्षं आम्हाला कोरडे म्हणून चिडवलेलं, आणि आता अख्खी नदी आमच्या घशातून निघत असताना ती एका सहीसाठी अडलेली! चीजच्या कारखान्यावर तो दूध घालायला गेला की बाकीचे गवळी म्हणायचे, "आले, संत जिल्बेर आले! डोळे धुवा रे." मंगळवारी कचेरीत सात माणसं आली, दाखला एकालाच हवा होता. बाकी सहा माझ्या टेबलावर वाकून कुजबुजली, "केली का?" मी कचेरीत दर खेपेला त्याच्यापुढे कागद ठेवायची, तो दर खेपेला त्याच्यावर कॉफीचा कप ठेवायचा. मी शिक्का मारू शकत होते. सही मारू शकत नव्हते. मोह झाला नाही असं नाही.

मास्तर मात्र त्याला एक शब्द बोलले नाहीत. शुक्रवारी आले, भिंतीपाशी उभे राहिले, पट्टी काढली नाही.

"त्याचंही खरं आहे, सोलांज. रेघ माझी, कुरण त्याचं."

"पत्र सोमवारी निघायला हवं, मास्तर. मुदत संपते."

"हं," ते म्हणाले. "बारा वर्षं म्हणजे काही फार नाहीत." आणि मला हसून दाखवलं, जणू मला गणित येत नाही.

रविवारी सकाळी जिल्बेर गाई सोडायला कुरणात गेला, तर घशापाशी कोणीतरी गुडघ्यावर बसलेलं. सेंत-क्लेरीनच्या एर्मांस मावशी. शहाऐंशी वर्षं, भाच्याच्या ट्रॅक्टरवर बसून दरीतून वर आलेल्या. पापण्या अजून थोड्या हिरव्या. हे पुढचं मला जिल्बेरनेच सांगितलं, आणि सांगताना दोनदा नाक शिंकरलं.

"मावशी, अहो शेणात बसलात!"

"असू दे रे. हे कुरण तुझं का?"

"हो. पण मी सही केलेली नाही," तो घाईने म्हणाला.

"मला सहीतलं काय कळतंय? मी सहा वर्षांची होते तेव्हा माझे डोळे जाणार होते. आईने महिनाभर त्या पाण्याने धुतले. अजून सुईत दोरा ओवते मी. ऐंशी वर्षं खालच्या दगडाला थँक्यू म्हणत आले, आणि पाणी येतंय तुझ्याकडून. म्हटलं मरायच्या आत चुकीचं दुरुस्त करावं." त्यांनी त्याचा हात धरला, उठण्यासाठी की आणखी कशासाठी ते त्याला कळलं नाही. "थँक्यू हं, बाळ. आणि गाईंना पण सांग."

जिल्बेर एकवीस वर्षं सरपंच आहे. रस्त्यातला खड्डा, शेजाऱ्याचा कोंबडा, दिवा लागत नाही, दिवा फार लागतो, हे सगळं त्याला लोकांनी सांगितलं आहे. थँक्यू कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही, हे लिहिताना लक्षात येतंय.

सोमवारी कचेरी बंद असते. सकाळी साडेसातला माझ्या घराचं दार वाजलं. जिल्बेर, गोठ्यातले बूट घातलेला.

"कुठेय तो कागद?"

"पन्नास मीटरचं काय?"

"बांधतो की कुंपण. गाईंना हौदावर पाजीन. बाईने त्यांना थँक्यू सांगायला सांगितलंय मला, सोलांज! मी सांगितलं पण. बेचाळीस जणींना. आता तू हसलीस तर सही नाही करणार."

मी हसले नाही. आतल्या आत फार त्रास झाला. त्याने सही केली, मी शिक्का मारला, आणि टपालगाडी गावात वळते त्या कोपऱ्यावर मास्तर लिफाफा हातात धरून उभे राहिले. पेटीत टाकायला तयारच नव्हते. पोस्टमनच्या हातात दिला, त्याच्याकडून तो पिशवीत ठेवून घेतला आणि पिशवी बंद होईपर्यंत हलले नाहीत.

अकरा महिन्यांनी नवा नकाशा आला. कचेरीत मावतील तेवढी माणसं आणि दारात ह्युगेत, हातात अक्रोडाचा केक. मी घडी उलगडली. होती. निळी, तुटक, बारीक, म्हातारीच्या घशापासून संताच्या पायापर्यंत. मास्तरांनी चष्मा पुसला, पट्टी ठेवली, मोजलं. पुन्हा मोजलं.

"चौदा," ते म्हणाले. जिल्बेरने घाईघाईने वाइन ओतली, ह्युगेतने केक कापला, सगळे एकदम बोलायला लागले, आणि मला वाटलं, झालं, आता माणूस सुखाने बसेल.

बसला नाही. त्यांचं बोट नकाशावरून मागे सरकत होतं. घशापासून ओहोळावर, ओहोळावरून हौदावर, हौदावरून झऱ्यावर. तिथे थांबलं.

"आणि हे कुठून येतं?"

"आकाशातून," जिल्बेर पटकन म्हणाला. "आकाशातून येतं ते, मास्तर. पाऊस म्हणतात त्याला. बस करा आता."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्याहून दीडशे मीटर उंचावर ले कोंबेत नावाची वस्ती आहे. तिथे एक माणूस तीनशे डुकरं पाळतो. आमच्या गावात सगळे हौदाचंच पाणी पितात, फार गोड पाणी आहे, आम्ही पाहुण्यांना मुद्दाम देतो.

सगळ्यांची नजर टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे गेली. ह्युगेत मात्र फार प्रेमाने मास्तरांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "तो चमचा आहे ना अजून?"